गाभा न मोडता बदल

(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरकमहोत्सवाच्या प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. तो इतिहास स्मरणिकेत माझ्याहून अधिक अधिकारी मंडळींनी लिहिला आहे. म्हणून मी आज एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, तो पुन्हा न बांधता त्यात बदल कसा करता येतो, हा माझा विषय आहे. हे ऐकून मागच्या रांगांत हसू उमटलेले मला दिसते आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्या तासाला समास सोडवले आहेत. बाईंचा आणि संगणकाचा काय संबंध, असे तुम्हांला वाटणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेत घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून जुळला.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कार्यालयाने काढून टाकलेले बारा संगणक आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या खटपटीने शाळेला मिळाले होते. इंटरनेटची जोडणी मात्र एकच, आणि तीही कार्यालयातील एका जुन्या यंत्राला. बाराही संगणकांना ती मिळावी म्हणून आम्ही एका दुकानदाराला बोलावले. त्याने यंत्र पाहिले आणि सांगितले, "मॅडम, हे जुने झाले. नवे घ्या, नाहीतर यातले सगळे पुसून सिस्टीम पुन्हा टाकावी लागेल." नवे घेण्याइतके पैसे नव्हते, आणि पुसून टाकावे तर त्यात मुलांचे निकाल होते.

त्याच आठवड्यात माधापूरच्या एका कंपनीत काम करणारा आपला एक विद्यार्थी मुलीच्या प्रवेशासाठी शाळेत आला होता. "बाई, मी बघू का?" असे म्हणून तो त्या यंत्रापुढे बसला. यंत्रावर लिनक्स होते. त्याने एका ठिकाणी शून्य होते तिथे एक लिहिले, आणखी एक नियम घातला, आणि मला म्हणाला, "प्रयोगशाळेत जाऊन बघा." बाराही पडद्यांवर इंटरनेट सुरू झाले होते. मी चकित झाले. तो म्हणाला, "बाई, मी हे यंत्र बंद केले नाही, यात नवे काही बसवले नाही. याच्या गाभ्यातला फक्त एक आकडा बदलला."

त्या एका आकड्याचा अर्थ त्याने मला सांगितला, तो असा. संगणकाकडे माहितीची पाकिटे येतात आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. आपल्या दारात शेजाऱ्याचे पत्र आले तर ते पुढे पोहोचवायचे की नाही, हे जसे घरमालकाने ठरवायचे, तसेच हे आहे. आपल्या पत्त्यावर नसलेले पाकीट लिनक्स सहसा पुढे पाठवत नाही, कारण सामान्य यंत्राचे ते कामच नव्हे. ही सोय त्यात मुळातच असते, परंतु ती शून्यावर, म्हणजे बंद, ठेवलेली असते. शून्याच्या जागी एक लिहिले की तेच यंत्र दोन जाळ्यांमधला टपालवाला होते. दुसरा नियम पत्त्याचा होता: आतल्या संगणकाचे पाकीट बाहेर पडताना त्यावर या मधल्या यंत्राचा पत्ता घालायचा, आणि उत्तर आले की ते मूळ संगणकाकडे परत पोहोचवायचे.

आठ दिवसांनी, भर उन्हाळ्यात, वीज गेली. त्या काळी ती वारंवार जात असे आणि आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच निकामी झाली होती. वीज परत आली, यंत्र सुरू झाले, परंतु बाराही संगणक इंटरनेटविना बसून होते. मी त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाई, चूक माझी आहे. पत्त्याचा नियम मी जपून ठेवला होता. पण तो आकडा बदलला आणि लिहून ठेवायला विसरलो." आजचे माझे सगळे बोलणे या वाक्यातून निघाले आहे.

त्यानंतर कित्येक रविवार मी त्याला प्रश्न विचारत राहिले. गाभा म्हणजे नेमके काय, तो बदलणे अवघड का, आणि बदलता येतो तो कसा? उत्तरे मला उमजली तशी सांगते. सभागृहात या क्षेत्रातले अनेकजण आहेत. त्यांनी आपल्या जुन्या बाईंना सांभाळून घ्यावे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. बदामाच्या कवचातील गरालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. पडद्यावर आपण जे पाहतो, ते चित्र, ती अक्षरे, तो खेळ, हे सारे कवचाच्या बाजूचे. कर्नेल दिसत नाही. कोणत्या कामाला प्रोसेसर किती वेळ मिळेल, स्मरणशक्तीतील कोणती जागा कोणाला द्यायची, डिस्क, कळफलक आणि जाळे यांच्याशी कोण बोलेल, हे तो ठरवतो. शाळेत घंटा, वर्गखोल्या आणि वेळापत्रक यांचा मेळ कोणीतरी घालत असते. मुलांना ते दिसत नाही. परंतु ते बिघडले तर एकही तास नीट होत नाही.

हा गाभा माणसाने लिहिलेल्या मजकुरापासून बांधला जातो. मजकूर माणसाला वाचता येतो. बांधणी झाल्यावर जे तयार होते ते फक्त यंत्राला कळते. एकदा बांधल्यावर त्यातले काही बदलायचे तर मूळ मजकुराकडे परत जायचे, दुरुस्ती करायची, सारे पुन्हा बांधायचे आणि यंत्र बंद करून नव्या गाभ्यावर सुरू करायचे.

एके काळी हाच राजमार्ग होता. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून युनिक्सचा आरंभ झाला. तिची सहावी आवृत्ती १९७५ सालची. एका वेळी किती कामे चालू शकतील, याचा आकडा त्या आवृत्तीच्या मूळ मजकुरातच लिहिलेला होता: ५०. सबंध यंत्रात एका वेळी किती फायली उघडता येतील? १००. एकावन्नावे काम हवे असेल तर तो आकडा मजकुरात बदलून गाभा नव्याने बांधणे भाग होते. यात लिहिणाऱ्यांचा दोष नव्हता. स्मरणशक्ती अत्यंत तुटपुंजी होती, आणि जागेची अशी आधीच वाटणी करून ठेवणे हाच शहाणपणा होता.

परंतु यंत्रे मोठी झाली, ती वापरणारे वाढले आणि प्रत्येकाची गरज निराळी झाली. एका आकड्यासाठी सारे मोडून बांधणे परवडेना. मग गाभा लिहिणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो: यातले खरोखर कायमचे काय आहे, आणि आपण केवळ सवयीने कायमचे करून ठेवलेले काय आहे? जे दुसऱ्या प्रकारचे निघाले, त्याला त्यांनी बाहेरून हात लावता येईल अशी खिडकी ठेवली. १९९३ सालच्या ४.४ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत अशा आकड्यांसाठी 'सिसकंट्रोल' नावाची सोय आली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९९१ साली जाहीर केलेल्या लिनक्सनेही पुढे ती आत्मसात केली.

लिनक्समधील ही खिडकी मोठी मौजेची आहे. 'प्रॉक' नावाच्या फोल्डरात 'सिस' नावाचा कप्पा असतो आणि त्यात शेकडो लहान लहान फायली दिसतात. प्रत्येकीत बहुधा एखादा आकडा. या फायली डिस्कवर कुठेच नसतात. तुम्ही फाईल उघडली की गाभा त्या क्षणी आपल्या पोटातला आकडा वाचून दाखवतो; तुम्ही नवा आकडा लिहिला की त्या क्षणापासून त्याप्रमाणे वागू लागतो. आमच्या विद्यार्थ्याने शून्याचा एक केला तो येथेच. जुन्या बारा यंत्रांसाठी त्याने आणखी एक आकडा बदलला. स्मरणशक्ती अपुरी पडू लागली की त्यातील काही मजकूर डिस्कवर हलवण्याची गाभ्याला किती घाई असावी, हे तो आकडा सांगतो. त्याचे मूळ मूल्य ६०. आपल्या शाळेच्या वयाएवढे! त्याने ते १० केले, आणि रडतखडत चालणारी ती यंत्रे थोडी हुशारली.

ही झाली बदलाची पहिली पातळी: चालत्या यंत्रात, कोणाचेही काम न थांबवता केलेला बदल.

दुसरी पातळी जोडभागांची, म्हणजे मॉड्यूलची. गाभ्याला एखादे नवे काम शिकवायचे असेल तर तेवढाच भाग वेगळा बांधून चालत्या गाभ्याला जोडता येतो आणि गरज संपली की काढताही येतो. तुम्ही पेनड्राइव्ह लावता तेव्हा त्याच्याशी बोलण्याचे ज्ञान बहुधा असेच त्या क्षणी जोडले जाते. या संदर्भात एक प्रसिद्ध वाद आहे. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जानेवारी १९९२ मध्ये लिनक्सवर टीका केली, की सारे काही एकाच गाभ्यात कोंबण्याची ही रचना कालबाह्य आहे. गाभा अगदी लहान असावा आणि बाकीची कामे त्याच्या बाहेर असावीत. टोरवाल्ड्स यांनी आपला एकसंध गाभा सोडला नाही. मात्र पुढच्या काही वर्षांत लिनक्सने जोडभागांचा मार्ग स्वीकारला. गाभा एकसंध राहिला आणि तरीही जोडणीला मोकळा झाला. सुरुवातीला सुमारे दहा हजार ओळींचा असलेला हा मजकूर आज दोन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे.

जोडभागाला दोन पथ्ये असतात. तो त्या विशिष्ट गाभ्यासाठी बांधलेला असावा लागतो. दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेला आणला तर गाभा सहसा त्याला दारातच अडवतो. आणि एकदा आत घेतला की तो गाभ्याचाच भाग होतो. त्यात खोट निघाली तर सारे यंत्र कोसळू शकते. म्हणून जोडायचे ते पारखून.

तिसरी पातळी आरंभाची. काही गोष्टी चालत्या यंत्रात बदलत नाहीत, परंतु त्यांच्यासाठी पुनर्बांधणीही लागत नाही. यंत्र सुरू होताना गाभ्याच्या कानात सांगाव्या लागतात. आमच्या एका संगणकाचा पडदा सुरू होताच काळा पडत असे. आरंभीच्या सूचनेत 'नोमोडसेट' हा एक शब्द घातला आणि पडदा दिसू लागला. पडद्याची नवी मांडणी स्वतः करू नकोस, आहे तीच राहू दे, एवढाच त्याचा अर्थ.

चौथी आणि शेवटची पातळी पुनर्बांधणीची. ती टाळता येत नाही अशाही गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, गाभ्याच्या घड्याळाचा ठोका सेकंदाला १०० वेळा पडावा, २५० वेळा की १,००० वेळा, हे बांधतानाच ठरते. बांधणाऱ्यापुढे अशा हजारो निवडींची यादी येते आणि बहुतेक निवडींना तीन उत्तरे असतात: हो, नाही आणि जोडभाग. हो म्हणजे गाभ्यातच बांधा. नाही म्हणजे मुळीच नको. जोडभाग म्हणजे तयार ठेवा, लागेल तेव्हा जोडू.

येथे मी त्याला विचारले, "मग सगळेच जोडभाग का करू नये?" त्याचे उत्तर मी विसरलेले नाही. "बाई, जोडभाग डिस्कवर ठेवलेले असतात. ती डिस्क वाचायची कशी, हेच ज्ञान डिस्कवर ठेवले तर यंत्र जागे कसे होणार? कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केल्यासारखे होईल." म्हणून दार उघडण्यासाठी जे लागते ते गाभ्यातच बांधावे लागते, किंवा आरंभीच गाभ्याच्या हाती द्यायच्या एका छोट्या गाठोड्यात बांधून द्यावे लागते.

मित्रहो, आता मी शाळेकडे वळते.

गेली काही वर्षे पालकसभेत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो: "बाई, शाळा बदलणार की नाही?" पटसंख्या घटते आहे, हे मी लपवणार नाही. शाळेचे माध्यम बदलून इंग्रजी करावे, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे, हेही आपण जाणता. तो मांडणाऱ्यांना शाळेविषयी आस्था आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच, की तो प्रस्ताव चौथ्या पातळीचा आहे. मोडून पुन्हा बांधण्याचा आहे. म्हणून आधी विचारले पाहिजे, की आपल्याला हवा असलेला बदल खरोखर त्या पातळीवर राहतो का?

पालकांनी लेखी दिलेल्या सूचना मी एकेक करून वाचल्या. मुलांना इंग्रजी निर्भयपणे बोलता यावे. संगणक पहिल्या इयत्तेपासून हाताळायला मिळावा. शाळेची वेळ आईवडिलांच्या नोकरीच्या वेळेशी जुळावी. काचीगुड्याच्या पलीकडून येणाऱ्या मुलांसाठी वाहन असावे. प्रगतिपुस्तक समजेल असे असावे. यातील वेळ, वाहन आणि प्रगतिपुस्तक या पहिल्या पातळीच्या गोष्टी आहेत. त्या चालत्या वर्षात बदलता येतात आणि इतके दिवस बदलल्या नाहीत, हा आमचा आळस आहे. मी येथे त्याची कबुली देते. उत्तम इंग्रजी आणि संगणक या दुसऱ्या पातळीच्या गोष्टी आहेत. जोडायच्या, परंतु आपल्या शाळेसाठी बांधून, पारखून जोडायच्या. बाहेरून आणलेला तयार अभ्यासक्रम जसाच्या तसा लावला तर तो दारातच अडेल, किंवा आत येऊन सारी घडी विस्कटेल.

असे जोडणे आपल्याला नवे नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आपल्यापैकी अनेकांची घरे येथे हैदराबादेतच राहिली. २०१४ साली आपले राज्यही नवे झाले. २०१८ साली तेलंगणाने सर्व शाळांत तेलुगू शिकवणे बंधनकारक करणारा कायदा केला. त्या वेळी आमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. आज आपली मुले बाजारात आणि बसमध्ये जी तेलुगू बोलतात, ती ऐकून मला आनंद होतो. शाळेचा गाभा त्याने मोडला नाही; शाळा या शहराची अधिक झाली.

मग गाभा कोणता? कपाटाच्या किल्लीचे उदाहरण मला येथे आठवते. मूल ज्या भाषेत पहिल्यांदा "का?" असे विचारते, ती भाषा त्याच्या हातातली किल्ली असते. गणित, विज्ञान, इंग्रजी, तेलुगू ही सारी कपाटे तिने उघडतात. ती किल्लीच एका कपाटात ठेवून कुलूप लावले तर मूल बाहेर उभे राहते, आणि आपण म्हणतो की त्याला समजत नाही. आज काही मुलांच्या घरी मराठी क्षीण झाली आहे, हेही मी जाणते. त्यांच्यासाठी आरंभीच्या त्या छोट्या गाठोड्याची गरज आहे. आपली बालवाडी मी तशी पाहते. ती सशक्त करणे हे माझ्या मते पुढील कामांतले पहिले काम आहे.

आता माझ्या उपमेची मर्यादा मीच सांगते, कारण उपमेने भारून जाऊ नये, हे मी तुम्हांलाच वर्गात शिकवले आहे. लिनक्सचा नवा गाभा बांधला तरी जुना लगेच टाकून देत नाहीत. यंत्र सुरू होताना यादीत दोन्ही दिसतात. नव्याने घात केला तर जुना निवडता येतो. म्हणून संगणकावर पुनर्बांधणी करणारा माणूस निर्धास्त झोपू शकतो. शाळेच्या यादीत जुनी शाळा उरत नाही. एकदा मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले, शिक्षक पांगले, की ते पुन्हा उभे करणे या शहरात अशक्यप्राय आहे. आणि यंत्र पुन्हा सुरू करता येते. मुलाची तिसरी इयत्ता पुन्हा सुरू करता येत नाही. पुनर्बांधणीला माझा तत्त्वतः विरोध नाही. वरच्या तिन्ही पातळ्या प्रामाणिकपणे वापरून पाहिल्या आणि तरीही भागले नाही, तर त्या प्रस्तावाचा विचार मी स्वतः करीन. परंतु त्या वापरून न पाहता नव्हे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या मनाला सर्वांत अधिक लागलेली आहे.

आपल्या शाळेत गणिताचे एक सर होते. नाव घेत नाही, तुम्ही ओळखाल. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते अर्धा तास वर्गात बसून राहत. ज्याला जे अडले असेल ते त्याने विचारावे. हजेरी नाही, शुल्क नाही, सक्ती नाही. कित्येक वर्षे हे चालले. येथे बसलेल्यांपैकी किती जणांचे बीजगणित त्या अर्ध्या तासात सुटले, ते तुम्हीच जाणता. सर निवृत्त झाले. पुढच्या जूनमध्ये नवे शिक्षक आले, तेही तळमळीचे. परंतु शनिवारचा अर्धा तास बंद पडला. तो कोणी बंद केला नाही. तो कुठे लिहिलेलाच नव्हता. दोन वर्षांनी एका मुलीने मला विचारले, "बाई, माझा दादा सांगतो तो शनिवारचा वर्ग आता का नसतो?" तेव्हा मला वीज गेलेल्या दिवशीचा तो शून्य आठवला.

चालत्या यंत्रात केलेला बदल कितीही चांगला असो, तो यंत्राच्या स्मरणात असतो. वीज गेली की जातो. तो टिकवायचा तर एका साध्या फाईलमध्ये त्याची ओळ लिहावी लागते. यंत्र दर वेळी सुरू होताना ती फाईल वाचते आणि आकडा पुन्हा बसवते. त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या खेपेस ती ओळ लिहिली. तिच्या वर त्याने आणखी एक ओळ लिहिली: प्रयोगशाळेतील संगणकांना इंटरनेट मिळावे म्हणून हे केले आहे. तिच्या आरंभी त्याने एक खूण घातली. ती खूण असलेली ओळ यंत्र सोडून देते. मी विचारले, "मग लिहायची कशाला?" तो म्हणाला, "बाई, ती यंत्रासाठी नाही. माझ्यानंतर येणाऱ्या माणसासाठी आहे."

आपल्या शाळेच्या साठ वर्षांत अशा किती चांगल्या पद्धती एकेका माणसाच्या स्मरणात होत्या आणि त्यांच्याबरोबर निवृत्त झाल्या, याचा विचार केला की मन विषण्ण होते. माझीही निवृत्ती आता फार दूर नाही. म्हणून या वर्षी मी कार्यालयात एक वही ठेवली आहे. शाळेत जे जे चांगले चालते आणि कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, ते आम्ही तिच्यात नोंदवतो: काय करतो, कधी करतो आणि का करतो. शनिवारचा अर्धा तास हा तिच्यातील पहिला नोंद-क्रमांक आहे. तो या जूनपासून पुन्हा सुरू झाला असून चार शिक्षकांनी पाळीपाळीने त्याचा भार उचलला आहे, म्हणजे एकजण गेला तरी तो थांबणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे माझे मागणे याच वहीसाठी आहे. देणगीचे आवाहन अध्यक्ष महोदय करतील. ते मोठ्या मनाने ऐका. मी तुमच्याकडे एक पान मागते. तुमच्या काळी शाळेत असलेली आणि आज नसलेली एक चांगली पद्धत आठवा, ती लिहा, आणि ती का चांगली होती याचे कारण तिच्या वर लिहा. पालकांनो, तुम्हांला जो बदल हवा आहे तो लिहून द्या, आणि तो या चारांपैकी कोणत्या पातळीवर व्हावा असे तुम्हांला वाटते, तेही लिहा. त्यातले जे चालत्या वर्षात होण्याजोगे असेल ते याच वर्षी करण्याचे वचन मी आज, आपणा सर्वांच्या साक्षीने, देते. माध्यमाच्या प्रश्नावर संस्थेने निर्णय घेण्यापूर्वी ही पाने सभेपुढे ठेवली जातील, अशी माझी विनंती पदाधिकाऱ्यांनी मान्य केली आहे. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ते जुने यंत्र आता नाही. दोन वेळा बदलले. परंतु प्रत्येक वेळी नव्या यंत्रावर ती फाईल नेली गेली. आजही प्रयोगशाळेत गेलात तर संगणक शिक्षिका तुम्हांला ती उघडून दाखवतील. एक ओळ माणसासाठी आहे. तिच्याखाली एक ओळ यंत्रासाठी आहे, आणि तिच्या शेवटी एक हा आकडा आहे.